दारावरची झावळी

मयूर विहारच्या सोसायटीतला फ्लॅट ताब्यात आला आणि आमच्याकडे एक खोली जास्तीची निघाली. नकाशात ती पहिल्यापासून होतीच. पण सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही इतकी वर्षं एकमेकांच्या अंगावर पाय देत काढली होती की तिसऱ्या खोलीचं करायचं काय, हे आम्हा तिघांनाही कळेना. नवरा म्हणाला, बंद ठेवू. बंद खोलीत फक्त बॅगा आणि गाद्या वाढतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पेइंग गेस्ट ठेवायचं ठरवलं. अटी दोनच घातल्या. मुलगी हवी, आणि घरात मासे शिजायला नकोत. दुसरी अट शेजाऱ्यांसाठी होती. माझं माहेर रत्नागिरीच्या बाजूचं, समुद्राकाठचं, त्यामुळे ती अट घालून मी स्वतःलाच उपाशी ठेवत होते.

नवऱ्याचं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाजवळ. रोज सकाळी तो चार्टर्ड बसने जायचा आणि संध्याकाळी बसमधल्या लोकांच्या अडचणी घेऊन घरी यायचा. एके दिवशी त्याने अशीच एक अडचण आणली. नोएडातल्या एका प्रशिक्षण संस्थेत परदेशी शिक्षकांसाठी वर्षभराचा वर्ग चालत होता. त्यातल्या एका मुलीला हॉस्टेलचं जेवण सोसत नव्हतं, तिला घरगुती जागा हवी होती. मुलगी इंडोनेशियाची, एका लांबच्या बेटावरची. माझ्या लेकीने लगेच शाळेचा अ‍ॅटलास काढला. त्यात ते बेट नव्हतंच. मुलगी राहायला आली तेव्हा तिने अ‍ॅटलास हातात घेतला, निळ्या पाण्यात बॉलपेनने एक ठिपका काढला आणि शांतपणे पुस्तक परत दिलं. अ‍ॅटलास खराब केला म्हणून लेकीला शाळेत बोलणी बसली, पण तिने तो ठिपका खोडला नाही.

पंचविशीची असेल. सावळी, ठेंगणी, दाट कुरळ्या केसांची. ख्रिश्चन होती, गळ्यात बारीकसा क्रूस. दिल्लीत बाकी सगळे मला आंटी म्हणायचे आणि माझं टाळकं सटकायचं. ही मला 'इबू' म्हणू लागली. त्यांच्याकडे आई, बाई आणि मॅडम, तिन्हींसाठी तो एकच शब्द. मला तो फार आवडला. माझ्या नवऱ्याला ती 'बापाक', म्हणजे बाबा किंवा साहेब, म्हणायची, त्यावर लेक लोळून लोळून हसायची. आमचं बोलणं चालायचं मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे, त्यामुळे आम्ही दोघी होतो त्यापेक्षा शहाण्या वाटू.

माशांची अट पहिल्याच आठवड्यात मोडली. तिने बाजारातून बांगडे आणले, मी खिडक्या लावून घेतल्या, आणि आम्ही तिघींनी नवरा यायच्या आत ताटं धुऊन ठेवली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा गावाबद्दल सांगितलं.

गाव म्हणजे पांढऱ्या वाळूवर घरांची एक रांग, पाठीमागे टेकडीवर लवंगेची झाडं, समोर प्रवाळाचा खडक आणि पुढे नुसतं पाणी. वीज नाही. चर्चमध्ये जनरेटर आहे, तो रविवारी चालतो. हवा बरी असेल तर पंधरवड्याने एक बोट येते. पश्चिमेचा वारा सुटला की कित्येक महिने येतही नाही. शाळा सहावीपर्यंत. सहावी झाली की मुलांना बोटीत बसवून शहरात धाडतात. तिथे ती नातेवाइकांकडे भांडी घासतात, जमलं तर शिकतात, आणि गावाकडे येतात ती नाताळला, पाहुण्यासारखी. सरकार मास्तर पाठवतं, पण ते एका बोटीने येतात आणि पुढच्या बोटीने आजारी पडून जातात. गावातलीच आणि गावात टिकलेली शिक्षिका ही एकटी. वरच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवू शकेल असं प्रमाणपत्र असलेलं कुणी मिळालं, तर तिथे पुढची शाळा काढता येईल, असं त्यांना अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. तेवढ्यासाठी गावाने तिला इतक्या लांब पाठवलं होतं.

आणि पाठवताना त्यांनी समुद्र बंद केला होता.

हे मला कळायला जरा वेळ लागला. त्यांच्याकडे एक रिवाज आहे, सासी नावाचा. समुद्राचा एखादा तुकडा किंवा झाडांची एखादी राई बंद करायची ठरली की तिथे खांबाला नारळाची झावळी बांधतात. पाद्री प्रार्थना म्हणतो. त्यानंतर गाव ठरवेल त्या दिवसापर्यंत तिथलं काही कुणी घ्यायचं नाही. पहारेकरी नसतो. झावळी असते. त्या खडकावर मोठे शंख मिळतात, त्यांची बटणं बनतात, त्यांना परदेशात मागणी असते. एरवी ते विकून घरोघरी कपडालत्ता येतो. या वेळी गावाने ठरवलं होतं की हे शंख नव्या शाळेच्या छपरासाठी ठेवायचे, आणि ही परत आली की तिच्या समोर सासी उघडायची. पूर्वेचा वारा पडल्यावर आणि पश्चिमेचा सुटण्याआधी समुद्र काही आठवडे शांत असतो. तेव्हा तिने तिथे असायला हवं होतं, प्रमाणपत्र घेऊन. उशीर झाला तर सहावीची मुलं बोटीत चढणार होती.

मला सासी लगेच समजली. आमच्याकडे नाही का नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वाळूवर ओढून ठेवतात, आणि नारळ वाहिल्याशिवाय कुणी पाण्यात घालत नाही? पण गावाचं काय होणार हेही मला तितकंच समजत होतं. माझ्या माहेरच्या गावात आज घरांना कुलपं आहेत आणि शाळेच्या ओट्यावर शेळ्या बसतात. मी तिला तोंडावर सांगितलं की गावं अशी अडवून थांबत नसतात. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

भरती-ओहोटीचा विषय निघाला तेव्हा मला दुसराच धक्का बसला. ती लेकीला तिच्या समुद्राचं काही सांगत होती, मी मधे म्हणाले, "अगं, भरती आली म्हणते ती." लेक म्हणाली, "भरती? म्हणजे पोलीस भरती?" दिल्लीत वाढलेली पोर. समुद्र तिने सुट्टीत एकदाच पाहिलेला, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की सगळं हिंदीत. मराठी मंडळात गेली तीन-चार वर्षं मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचं घाटत होतं. त्यासाठी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्य सरकारच्या अतिथिगृहात हॉल मागायचा, इथपर्यंत एकमत होतं. अर्ज कुणी लिहायचा यावर अजून बैठका चालू होत्या, आणि बैठकीत बटाटेवडे असल्यामुळे घाई कुणालाच नव्हती.

तिची अडचण निराळीच होती. विषय तिला येत होता. पण शेवटची परीक्षा म्हणजे परीक्षकांसमोर इंग्रजीत एक पाठ घेऊन दाखवायचा होता. सरावाच्या पहिल्या पाठाला ती फळ्यासमोर हातात खडू घेऊन उभी राहिली आणि तास संपेपर्यंत तशीच उभी राहिली. इंग्रजी वाचताना यायचं, पण माणसं समोर बसली की गळ्यातून बाहेर यायचं नाही. घरी सराव करावा तर आमचं घर म्हणजे धर्मशाळा. नुकतीच केबल लागलेली, टीव्ही दिवसभर चालू. सोसायटीत आमचा फोन आधी आलेला, त्यामुळे शेजारपाजारचे सगळे फोन आमच्याकडे. कुणीही आत यायचं, तिला बघायचं, "आपके वहाँ क्या खाते हैं?" विचारायचं आणि खुर्ची ओढून बसायचं.

एके दुपारी ती मला म्हणाली, "इबू, मी खोलीला सासी घालू का?"

मी घाल म्हणाले. आमच्या भागातल्या केरळी मंदिरात उत्सवासाठी दक्षिणेहून गाडीने झावळ्या येतात. तिथल्या पुजाऱ्याकडून ती एक हिरवीगार झावळी मागून घेऊन आली. पानं मधोमध चिरून तिने ती दारावर आडवी बांधली आणि गाठीला तांबडी चिंधी लावली. मग डोळे मिटून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. झावळीकडे बघताना मला एकदम माहेरच्या पडवीचा वास आला आणि मी उगीचच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

उपाय लागू पडला. समोरच्या पंजाबी बाईंनी झावळी पाहिली, हळूच विचारलं की किसी ने कुछ कर तो नहीं दिया, आणि तेव्हापासून फोन आला तरी दारातूनच बोलू लागल्या. नवऱ्याने टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला. आतून तिचा आवाज यायचा, भिंतीला शिकवत असलेला. भिंतीसमोर तिचं इंग्रजी बरं चालायचं.

पण नवरात्र लागलं, आणि आमच्या मराठी बायकांनी घोटाळा केला.

मंडळाच्या अध्यक्षबाई, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी, दोघीजणींना घेऊन दुपारी आल्या. अध्यक्षबाईंचा दरारा असा की त्यांच्यासमोर बायका चहासुद्धा आवाज न करता पीत. त्यांना खोलीच्या दारावरची झावळी आणि तांबडी चिंधी दिसली. यंदा हिने घट बसवले वाटतं आणि आपल्याला कळवलंही नाही, असं समजून त्यांनी चपला काढल्या आणि ओटीचं ताट घेऊन तडक खोलीत गेल्या. मी स्वयंपाकघरात होते. धावत गेले तेव्हा तिघी हात जोडून कोपऱ्यात देवी शोधत होत्या. देवी कुठेच नव्हती. भिंतीला टेकून खडू धरलेली ती उभी होती, आणि एकीने तोपर्यंत तिलाच हळदीकुंकू लावलं होतं.

मी सगळा उलगडा केला. अध्यक्षबाईंना चुकायची सवय नव्हती, त्या लालबुंद झाल्या आणि निघाल्या. तेवढ्यात ती माझ्याकडे वळून म्हणाली, "इबू, यांना सांगा. सासी तुटली आहे."

तुटली तर काय करतात, मी विचारलं.

"जो तोडतो त्याला दंड. आमच्याकडे गावाचं काम करावं लागतं." मग तिने कपाळाचं कुंकू बोटाने चाचपलं आणि म्हणाली, "यांनी बसायचं. मी पाठ घेणार."

साहेबांच्या बायकोला हे तोंडावर सांगायचं म्हणजे नवऱ्याच्या बढतीवर पाणी सोडण्यासारखं होतं. मी सांगितलं. अध्यक्षबाईंनी पदर खोचला आणि त्या पलंगावर मांडी ठोकून बसल्या. त्या बसल्यावर बाकीच्या दोघींना उभं राहण्याची सोयच नव्हती.

पाठ होता भरती-ओहोटीचा. तिने सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला आवाज गेला. मला तिच्याकडे बघवेना. तिने ओठ घट्ट मिटले, इकडेतिकडे पाहिलं, आणि ओटीच्या ताटातला नारळ उचलला. हा म्हणजे पृथ्वी. मग सुपारी उचलली. हा चंद्र. नारळाभोवती सुपारी फिरू लागली तसं एकेक वाक्य बाहेर यायला लागलं. हातात काहीतरी असलं की तिला बोलता येत होतं. होडीवर, जाळ्यावर, झाडावरच ती शिकली होती आणि तसंच शिकवत आली होती, मोकळ्या हाताने बोलायची तिला सवयच नव्हती. चंद्र पाणी ओढतो, म्हणून त्याच्या बाजूला पाणी चढतं, हे तिने छान सांगितलं. मला वाटलं, पाठ संपला.

तेवढ्यात अध्यक्षबाईंनी हात वर केला. खरंच वर केला, शाळेतल्यासारखा. आणि इंग्रजीत विचारलं, "मग दिवसातून दोनदा का येते? चंद्र तर एकच आहे."

मला तर हे कधी सुचलंच नव्हतं, समुद्राकाठी लहानपण जाऊनही. ती थांबली. आता परत गप्प होणार असं मला वाटलं. पण तिने ताटातला खण उचलला, नारळाला सैलसर गुंडाळला आणि सुपारीच्या दिशेने चिमटीत धरून ओढला. मग नारळ थोडा पुढे सरकवला. चंद्र जवळच्या पाण्याला जास्त ओढतो, पृथ्वीला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. ते पाणी मागे राहतं, म्हणून तिकडेही फुगवटा. दोन बाजूंना दोन. अडखळत, शब्द शोधत, एकदा चक्क हिंदीत घुसून परत बाहेर येत तिने ते शेवटपर्यंत नेलं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि मराठीत म्हणाल्या, "हे मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं."

दंड एका दिवसाचा होता. पण अध्यक्षबाई दुसऱ्या दिवशीही आल्या, आणि येताना आणखी बायका आणल्या. दसऱ्यापर्यंत रोज दुपारी आमच्या खोलीत वर्ग भरला. केंद्र सरकारच्या निम्म्या खात्यांच्या बायका तिथे बसून इंग्रजीत शंका विचारत होत्या, आणि ती हातात कधी भोपळा, कधी लाटणं घेऊन उत्तरं देत होती. परीक्षेला जाताना तिने माझ्याकडून एक नारळ आणि एक सुपारी मागून नेली. ती पास झाली.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्या पाठाला नोएडात नवीनच काढलेल्या एका पब्लिक स्कूलचे मालक पाहुणे म्हणून बसले होते. त्या वेळी नोएडात दर महिन्याला नवीन सेक्टर उघडत होतं आणि प्रत्येक सेक्टरला एक इंग्रजी शाळा हवी होती. त्यांनी तिला नोकरी देऊ केली. राहायला जागा, न्यायला-आणायला बस, आणि माझ्या नवऱ्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली इतका पगार. ती दोन दिवस जेवली नाही नीट. तिलाही मोह पडला होता, ते स्पष्ट दिसत होतं. गावी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते या पगारात कुठेही झालं असतं.

मी तिला घे म्हणाले. जोर करून म्हणाले. दोन वर्षं कर, मग जा, गाव कुठे पळून जात नाही. सगळं जग आता इकडे यायला धडपडतं आहे आणि तू उलट दिशेला निघालीस, असंही म्हणाले. आम्ही बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"इबू, तुमच्या गावातली शाळा का बंद झाली?"

"मुलं उरली नाहीत म्हणून."

"मुलं आधी गेली की मास्तर आधी गेले?"

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. मास्तर आधी गेले होते. बदली करून घेतली त्यांनी, दुसरे आले नाहीत, आणि पुढच्या जूनपासून लोकांनी मुलं मुंबईला मामा-काकांकडे पाठवायला सुरुवात केली. मला ते सगळं दिसत होतं, कोण कधी गेलं तेसुद्धा. तिने माझ्या हातातून चादरीचं दुसरं टोक घेतलं आणि झटकलं.

त्याच आठवड्यात ती निघाली. विमान, मग मोठं जहाज, मग छोटी बोट, असा तिचा रस्ता होता. निघताना मी झावळी सोडायला गेले तर तिने अडवलं. एकट्या माणसाने सासी उघडायची नसते, म्हणाली. तिकडे समुद्र उघडला की मी फोन करीन, तेव्हा तुम्ही इकडे उघडा. आणि मला अशी घट्ट मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. मी रडले, मला त्याची लाज वाटत नाही.

दिवाळी झाली. फोन नाही. नाताळ झाला. पश्चिमेचा वारा सुटला असणार, बोटी बंद, आणि गावात फोन नाहीच. नवऱ्याला नवा पेइंग गेस्ट हवा होता, मी नाही म्हणाले. झावळी वाळून तपकिरी झाली, तिचा भुगा उंबऱ्यावर पडायचा, तो मी रोज झाडायची आणि झावळीला हात लावायची नाही. ती पोचली का, वेळेत पोचली का, मुलं थांबली का, हेच डोक्यात. नवरा म्हणाला, अगं, कदाचित तिने तिकडेच शहरात नोकरी धरली असेल. मी झाडू उचलून उंबऱ्यावरचा भुगा पुन्हा झाडला.

होळीच्या सुमाराला, भर दुपारी, फोन आला. शहरातल्या टेलिफोन ऑफिसातून बोलत होती. लाइनवर समुद्रासारखी खरखर.

"इबू, उघडली. सगळं गाव पाण्यात उतरलं होतं."

"आणि शाळेची परवानगी?"

"अजून नाही. साहेब बदलले, नवीन साहेबाला पुन्हा सगळं दाखवायचं." मग तिचा आवाज एकदम स्वच्छ आला. "कागद येईल तेव्हा येईल. मुलं आली आहेत, इबू. एक बोटीने गेला, बाकी सगळी आहेत. चर्चच्या ओसरीवर बसतात. छपराचे पत्रे आले."

पुढे काही विचारायच्या आत लाइन तुटली. मी रिसीव्हर ठेवला आणि लगेच पुन्हा उचलून अध्यक्षबाईंना फोन लावला. त्या बाकीच्यांना घेऊन आल्या, लेक शाळेतून आली. एकट्याने उघडायची नसते. आम्ही सगळ्यांनी मिळून झावळी सोडली. तिचे हातात तुकडे झाले.

खोलीत तिचा खडू तसाच खिडकीत पडला होता. अध्यक्षबाईंनी तो उचलला, आणि मंडळाच्या हॉलच्या अर्जाचं आता काय करायचं ते पुढच्या बैठकीत बघू, असं काहीतरी म्हणू लागल्या. मी म्हणाले, बैठक नको, रविवारी सकाळी मुलं इथे पाठवा.

रविवारी सोसायटीतली आणि आसपासची मुलं आली. यार, चलो, बोअर होतंय, करत आली, पण आली. मी हातात नारळ घेतला, लेकीला सुपारी दिली आणि विचारलं की समुद्राचं पाणी वर येतं त्याला मराठीत काय म्हणतात. सगळ्या घोळक्यातून फक्त माझ्या लेकीने हात वर केला.

अर्ज अजून कुणी लिहिलेला नाही. मुलं आली आहेत.